बेवारस की मुक्कामी?

जुलैत कोल्हापूरहून बेळगावला निघालात, तर कागल सोडल्यापासून संकेश्वरपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या शोधत जा. जिथं त्या असायला नकोत, नेमक्या तिथं त्या दिसतील. एक उड्डाणपुलाच्या खांबाला चिकटून उभी असते, दुसरी बंद पडलेल्या पेट्रोल पंपाच्या छपराखाली. निपाणीत तंबाखूच्या जुन्या वखारीच्या भिंतीशी एक असते, आणि तवंदी घाटाच्या पायथ्याशी माळावर, जवळपास घर नाही की गोठा नाही, अशा जागी आणखी एक. एखादीला चाकंच नसतात. एखादीच्या फाळक्यावर दोडक्याचा वेल चढलेला असतो आणि आत शेळ्या बसलेल्या असतात. परगावच्या माणसाला वाटतं, इथले लोक वस्तू टाकून देतात. गावातल्या कुणाला विचारलं, तर तो आपल्यालाच वेड्यात काढतो : "बेवारस कशी असंल? मालक हाय की तिला."

टाकून दिलेली वस्तू आणि थांबलेली वस्तू लांबून सारखीच दिसते. दोन्हींतला फरक ओळखायचा कसा, हा प्रश्न एका माणसाने इतका मनावर घेतला की त्यावर त्याने पुस्तक लिहिलं. अमेरिकेतल्या बफेलो शहरातला हा कलावंत म्हणजे ज्युलियन माँटेग्यू. त्याचा विषय मात्र ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा नव्हता. सुपरमार्केटात सामान भरायला मिळते त्या जाळीच्या ढकलगाडीचा होता.

ओढ्यातली ढकलगाडी

ही ढकलगाडी आली १९३७ साली. ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमन नावाच्या दुकानदाराची 'हम्प्टी डम्प्टी' ही दुकानांची साखळी होती. गिऱ्हाइकाच्या हातातली टोपली जड झाली की त्याची खरेदी थांबते, हे त्याने हेरलं. मग घडीच्या खुर्चीला चाकं लावून तिच्यावर दोन टोपल्या ठेवायची युक्ती त्याने काढली. सुरुवातीला गाडीला कुणी हात लावेना. पुरुषांना ते कमीपणाचं वाटे, आणि बाबागाडी ढकलून कंटाळलेल्या बायकांना आणखी एक गाडी नको होती. शेवटी गोल्डमनने पगारी माणसं ठेवली आणि दुकानात गिऱ्हाइकांसारखं गाड्या ढकलत त्यांना फिरवलं. त्यानंतर गाडी चालू लागली. पुढे १९४६ मध्ये कॅन्सस सिटीच्या ऑर्ला वॉटसनने मागची फळी बिजागरीवर वर उचलली जाईल अशी गाडी बनवली. त्यामुळे एक गाडी दुसरीच्या पोटात शिरू लागली आणि शंभर गाड्या एका अरुंद पट्टीत मावू लागल्या. वॉटसनची ही करामत लक्षात ठेवा. आपल्या ट्रॉल्यांशी तिचा थेट संबंध येणार आहे.

गाड्या वाढल्या तशा त्या दुकानाबाहेर पडू लागल्या. गिऱ्हाईक सामान घेऊन घरापर्यंत गाडी ढकलत नेई आणि तिथेच सोडून देई. मग ती बसथांब्यावर, कालव्यात, रेल्वेरुळांशेजारी सापडे. ब्रिटनमध्ये हा उपद्रव इतका वाढला की १९९० च्या पर्यावरण संरक्षण कायद्यात सोडून दिलेल्या ट्रॉल्यांसाठी वेगळी तरतूद करावी लागली. स्थानिक परिषदेने ट्रॉली उचलून न्यावी, जपून ठेवावी आणि खर्च मालकाकडून वसूल करावा, असा तिचा गाभा आहे.

माँटेग्यूने या भटक्या गाड्यांचे फोटो काढले आणि पक्षीनिरीक्षकाच्या शिस्तीने त्यांची वर्गवारी केली. 'द स्ट्रे शॉपिंग कार्ट्स ऑफ ईस्टर्न नॉर्थ अमेरिका' हे त्याचं पुस्तक २००६ मध्ये आलं आणि त्या वर्षीच्या सर्वांत विचित्र शीर्षकाचं 'डायग्राम' पारितोषिक त्याने पटकावलं. सगळा प्रकार अर्धा थट्टेचा असला, तरी त्याने पाडलेले दोन मुख्य वर्ग थट्टेवारी नेण्यासारखे नाहीत. 'अ' वर्गात खोट्या भटक्या येतात, म्हणजे दुकानापासून दूर दिसणाऱ्या पण परत कामावर जाणाऱ्या गाड्या. 'ब' वर्गात खऱ्या भटक्या, म्हणजे आता परत न जाणाऱ्या. नुसती जागा पाहून गाडीचा वर्ग ठरत नाही. ती कुठून आली आणि पुढे कुठे जाणार, हे कळावं लागतं.

आपल्याकडे ती ओढ्यात का नाही?

पवईत २००२ साली पहिलं डी-मार्ट उघडलं. तिथपासून पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत ढकलगाडी मराठी घरांच्या ओळखीची झाली. तरी मार्कंडेय नदीच्या पात्रात किंवा बेळगावच्या किल्ल्याच्या खंदकात ती पडलेली सहसा आढळत नाही. आपण फार शिस्तीचे आहोत म्हणून हे घडतं, असं मानायचं कारण नाही. दुकानाच्या दाराशी रखवालदार असतो, पार्किंगमध्ये गाड्या गोळा करणारा पोरगा असतो, आणि माणसाची मजुरी गाडीच्या किमतीपेक्षा कितीतरी कमी असते. परत आणणं स्वस्त असेल, तर वस्तू हरवत नाही.

शिवाय या पट्ट्यात लोखंडाला उसंत मिळत नाही. बेळगावात उद्यमबाग आणि मच्छेच्या औद्योगिक वसाहतींत ओतकामाचे कारखाने आहेत. कोल्हापूरकडे शिरोली आणि गोकुळ शिरगावला आहेत. त्यांच्या भट्ट्यांत कच्च्या लोखंडाबरोबर मोडही वितळते. निपाणी या दोन फौंड्री-शहरांच्या मधे बसलेली. इथं रस्त्याकडेला खरोखर कुणाचंच नसलेलं लोखंड पडलं, तर भंगारवाल्याच्या नजरेतून ते किती दिवस सुटेल? म्हणून पहिला नियम असा : लोखंडाची वस्तू उघड्यावर वर्षभर टिकली असेल, तर तिला मालक आहे आणि तो कोण हे गावाला ठाऊक आहे.

पाच महिने धाव, सात महिने थांब

मग ट्रॉल्या अशा जागी का? याचं उत्तर उसाच्या वेळापत्रकात सापडतं. गळीत हंगाम साधारण नोव्हेंबरच्या आसपास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत आटोपतो. निपाणीचा हालसिद्धनाथ, संकेश्वरचा हिरण्यकेशी, काकतीचा मार्कंडेय, पलीकडे कागलचा शाहू, हमीदवाड्याचा मंडलिक, बिद्रीचा दूधगंगा-वेदगंगा : एवढे कारखाने एका पट्ट्यात एकाच वेळी पेटतात. तोडलेल्या उसातली साखर तासातासाला उतरते, त्यामुळे ऊस लवकरात लवकर, शक्यतो दिवसभरात, कारखान्याच्या गव्हाणीत पडावा लागतो. त्यासाठी तोडणीला टोळी, वाहतुकीला ट्रॅक्टर आणि त्यामागे दोन ट्रॉल्या, असा संच बांधला जातो. फडातून वजनकाट्यावर, काट्यावरून गव्हाणीवर आणि रिकामी होऊन परत फडात अशा खेपा रात्रंदिवस चालतात. हंगाम संपला की ट्रॅक्टर नांगरटीला आणि रोटरला जातो. ट्रॉल्यांपैकी एखादी शेणखत, माती, विटा वाहायला लागते. दुसरीला काम नसतं.

इथे वॉटसन आठवावा. ढकलगाड्या एकमेकींत शिरतात, ट्रॉल्या शिरत नाहीत. हूक आणि दांडीसकट एका ट्रॉलीला वीस-बावीस फूट लांब जागा लागते आणि ती वळवून घ्यायला आणखी तेवढीच. दोन ट्रॉल्यांनी निम्मा गुंठा सहज अडतो. वेदगंगा-दूधगंगेच्या काठची जमीन बारमाही पाण्याखालची आहे. तिथं ऊस, सोयाबीन, भाजी, तंबाखू असं काहीतरी कायम उभं असतं, आणि बांधावरून भाऊबंदकी कोर्टात जाते. असल्या जमिनीत सात महिने ट्रॉली कोण उभी करील? घराची गल्ली बैलगाडीच्या काळातली, तिच्यात ट्रॉली वळतच नाही. मग ज्या जागेचं भाडं नाही आणि जिथं कुणी हटकत नाही, तिकडे ती जाते : गायरान, देवळापुढचं पटांगण, उड्डाणपुलाची सावली, वखारीचं आवार, रुंदीकरणात सुटून राहिलेला जुन्या रस्त्याचा तुकडा. म्हणजे ट्रॉलीची विचित्र जागा बेपर्वाईची खूण नसते. त्या गावात गुंठ्याला काय भाव आहे, हे ती सांगते.

साखर कारखान्यांच्या टायरगाड्यांचं तसं नसतं. ऊसतोड मजुरांना बैलांसाठी कारखान्याने दिलेल्या या गाड्या हंगाम संपला की कारखान्याच्याच आवारात ओळीने जमा होतात. मालक एक, जागा एक. ट्रॉल्यांचे मालक शेकडो, आणि प्रत्येकाला जागा हुडकावी लागते.

कशी ओळखाल?

तीन खुणा पाहायच्या : अंग, पाटी आणि महिना.

अंग आधी. बिनचाकाची ट्रॉली पाहून ती मेली असं समजू नका. बहुधा उलटच असतं. उन्हात आणि एकाच जागी भार घेऊन उभं राहिलं की रबर तडकतं, आणि चाकं चोरीला जायची धास्तीही असते. म्हणून जाणता मालक सांगाडा दगडांवर किंवा लाकडी ओंडक्यांवर चढवतो आणि चाकं घरात नेतो. कणा समपातळीत टेकवलेला असेल, हुकाखाली वीट असेल, पिन ग्रीस लावून पोत्यात गुंडाळलेली असेल, तर ट्रॉली मुक्कामी आहे. कणा एका बाजूला कललेला, तळाचा पत्रा खाऊन गेलेला, फाळकी वेगवेगळ्या लांबीची कापून नेलेली असतील, तर तिचं हळूहळू हप्त्याहप्त्याने भंगार होतंय. अशा वेळीही मालक असतो. विकायचा मुहूर्त तेवढा निघालेला नसतो.

पाटी दुसरी. ट्रॉलीला ट्रॅक्टरपेक्षा वेगळा नोंदणी क्रमांक असतो. एमएच-०९ म्हणजे कोल्हापूर, केए-२२ बेळगाव, केए-२३ चिकोडी, केए-४९ गोकाक. चिकोडी तालुक्यातल्या गावात एमएच-०९ दिसली म्हणून ती वाट चुकलेली ठरत नाही. कारखाने महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांत आहेत; ज्या बाजूची धुराडी आधी पेटतात तिकडे ऊस ओढला जातो, आणि उसामागे ट्रॉल्या जातात. महाराष्ट्र सरकारने २०२३ च्या सप्टेंबरात राज्याबाहेर ऊस न्यायला बंदी घातली आणि शेतकरी संघटनांच्या विरोधानंतर थोड्याच दिवसांत ती मागे घेतली, ती याच ओढाताणीतून. शिवाय सोयरिकींना सीमा नाही. निपाणीच्या गावठाणाला लागून असलेलं अर्जुननगर कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. तिथल्या देवचंद कॉलेजात निपाणीची पोरं राज्य ओलांडून शिकायला जातात. तिथं ट्रॉली एका राज्याची आणि तिच्याखालची जमीन दुसऱ्या राज्यातल्या मेहुण्याची, यात नवल काय? एक गंमत मात्र पाटी वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावी. २३ हा आकडा केएपुढे असला तर चिकोडी आणि एमएचपुढे असला तर बीड. ऊसतोडीच्या टोळ्या बीडहून येतात, त्यामुळे हंगामात दोन्ही २३ एकाच काट्यापुढे रांगेत दिसू शकतात.

तिसरी खूण महिन्याची, आणि ती सर्वांत भरवशाची. माघात चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेला किंवा सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर मोकळ्या रानात शेकडो गाड्या आणि ट्रॉल्या सुटलेल्या दिसतात. त्यांवर ताडपत्री, खाली चूल, आत माणसं. वैशाखात बेळगावच्या गल्लीबोळांत अचानक ट्रॉल्या येऊन उभ्या राहतात. हंगाम नुकताच संपलेला असतो आणि वैशाख शुद्ध द्वितीयेच्या शिवजयंतीनंतर निघणाऱ्या चित्ररथ मिरवणुकीला पाया लागतो. ज्या तळावर महिनाभरापूर्वी उसाच्या मोळ्या होत्या, त्यावर बांबू, पुठ्ठा आणि प्लास्टर ऑफ पॅरिसचा बुरूज चढतो, आणि मंडळाची पोरं मावळे होऊन रात्रभर सजीव देखावा उभा करतात. भाद्रपदात त्यांतल्याच काही गणपती घेऊन निघतात. मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एखाद्या चौकात बुरुजासकट ट्रॉली उभी दिसली, तर ती 'अ' वर्गातली समजावी. मालक झोपून उठायचा असतो.

हट्टाने उभी, पाण्याने उभी

काही ट्रॉल्यांचं थांबणं कॅलेंडरात बसत नाही. निपाणीच्या रस्त्याला अडून बसण्याचा इतिहास आहे. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले. तीन आठवड्यांहून अधिक काळ हा रस्ता त्यांचा मुक्काम होता. ६ एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले आणि तळ उठवला गेला. नंतर तंबाखूची जागा उसाने घेतली आणि आंदोलनाचं हत्यार वाहतूक रोखणं हे झालं. दराचा तोडगा निघेपर्यंत वाहनं अडवायची आणि चाकांची हवा सोडायची, ही रीत कोल्हापूर-सांगलीपासून बेळगावपर्यंत ओळखीची आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लापूर क्रॉसवर टनाला ३,५०० रुपयांच्या मागणीसाठी शेतकरी रस्त्यावर बसले, तेव्हाही ऐन हंगामात गाड्या जागच्या जागी राहिल्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरात भरलेली ट्रॉली बसकी चाकं घेऊन रस्त्याकडेला दिसली, तर आधी त्या दिवशीचं वर्तमानपत्र पाहावं.

पुराचं गणित वेगळं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आलं आणि रस्ता बंद पडला. असा पूर आला की नदीकाठच्या गावांत ट्रॉली वर्षातलं सर्वांत मोलाचं काम करते : माणसं, कणग्या, म्हाताऱ्या आणि जनावरं उंचावर नेते. मग ती शाळेच्या ओट्यापाशी, मठाच्या दारात, महामार्गाच्या भरावावर उभी राहते, आणि पाणी ओसरल्यावर चिखल वाळेपर्यंत तिथेच असते. तिच्या फाळक्यांवरची मातीची आडवी रेघ पाहिली की पाणी कुठवर आलं होतं ते कळतं.

खरी बेवारस

'ब' वर्गातली, म्हणजे परत न जाणारी ट्रॉली या पट्ट्यात शोधायची असेल, तर माळावर जाऊ नका. पोलीस ठाण्याच्या मागच्या अंगाला जा, तहसील कचेरीच्या आवारात जा. चोरट्या वाळूच्या वाहतुकीत पकडलेल्या, अपघाताच्या गुन्ह्यात मुद्देमाल झालेल्या ट्रॉल्या तिथं असतात. नावगाव कागदावर असतं, मालक जिवंत असतो, रोज त्या रस्त्याने जातही असतो. पण दंड, वकील, हेलपाटे यांची बेरीज ट्रॉलीच्या किमतीपुढे गेली की तो तिच्याकडे पाहायचं सोडतो. भंगारवाल्यालाही तिथं हात घालता येत नाही, त्यामुळे लोखंडाला उसंत न देणाऱ्या या मुलखात लोखंडाला कुजायला तेवढी एकच जागा मिळते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या निकालात स्पष्ट सांगितलं की जप्त वाहनं ठाण्यात वर्षानुवर्षं ठेवण्यात काही अर्थ नाही. पंचनामा करावा, फोटो काढावेत, हमी घ्यावी आणि वाहन सोडावं. तरीही ठाण्यांची मागची अंगणं भरलेलीच दिसतात.

ब्रिटनच्या कालव्यातली ढकलगाडी आणि ठाण्यातली ट्रॉली इथं एका ओळीत येतात. दोघींनाही मालक आहे. दोघींनाही परत नेण्याचा खर्च त्यांच्या किमतीहून जास्त झालाय. वस्तू बेवारस होते ती अशी. मालक मरावा लागत नाही.

दहा तास

कायदा मात्र थांबलेली आणि टाकलेली यांत फारसा भेद करत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या व्याख्येत मोटार वाहनात ट्रॉलीही धरली आहे. त्याच्या कलम १२७ नुसार सार्वजनिक जागेत दहा तास किंवा जास्त वेळ बेवारस वा विनादेखरेख राहिलेलं वाहन उचलून न्यायला गणवेशातला पोलीस अधिकारी परवानगी देऊ शकतो. हा नियम काटेकोर लावला, तर जुलैतल्या निम्म्या ट्रॉल्या उचलाव्या लागतील. तो लावला जात नाही, कारण गायरानातल्या ट्रॉलीने कुणाचं काही बिघडत नाही.

बिघडतं ते हंगामात, आणि तेही दहा तासांच्या आत. जानेवारीतल्या रात्री कणा मोडून किंवा टायर फुटून महामार्गाच्या कडेला थांबलेली भरली ट्रॉली ही या सगळ्या प्रकारांत सर्वांत धोक्याची. तिला मालक आहे, ती टाकलेली नाही, ड्रायव्हर मिस्त्री आणायला गेलाय. पण मागे दिवा नाही, आणि फाळक्याबाहेर लोंबणाऱ्या उसाने परावर्तक पट्टी झाकलेली असते. मागून येणाऱ्याला ट्रॉली दिसत नाही. दिसतो तो काळोखातलाच एक जास्त काळा चौकोन, तोही शेवटच्या क्षणी. दरवर्षी हंगामाच्या तोंडावर परिवहन खातं आणि कारखाने पट्ट्या चिकटवायची मोहीम काढतात. उपयोग होतो, पण पट्टी उसाच्या वर राहील अशी बांधली तरच.

आणखी एक सवय आहे. ड्रायव्हर मागच्या गाड्यांना इशारा म्हणून ट्रॉलीमागे दगड मांडतो, त्यांवर वाड्याचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, झुबका ठेवतो. पहाटे मिस्त्री येतो, चाक बसतं, ट्रॉली काट्याकडे निघून जाते. वाडं एखादी म्हैस खाते. दगड तिथंच राहतात, रस्त्याच्या कडेला, मागून येणाऱ्या दुचाकीच्या वाटेत. त्यांना भंगारात भाव नाही, पाटी नाही, मालक नाही, आणि परत न्यायचा खर्च कुणालाही परवडण्यासारखा असून नेणारा कुणी नाही. या पट्ट्यातला निखळ 'ब' वर्ग हवा असेल, तर तो हा. आणि यात निरीक्षकाला नुसतं पाहण्यापलीकडे काही करता येतं : गाडी सुरक्षित बाजूला घ्यायची आणि दगड उचलून चरीत टाकायचे.